कागदावरचं अ‍ॅव्हरेज आणि कसाऱ्याचा घाट

नवी गाडी घ्यायची म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो: ‘किती देते?’ मुंबईत मे २०२१ मध्ये पेट्रोलने शंभरी ओलांडली तेव्हापासून तर हा प्रश्न कुणी विचारला नाही असं होतच नाही, आणि तो रास्तच आहे. पण इगतपुरी-घोटीच्या पट्ट्यात राहणाऱ्याने शोरूममध्ये मिळालेल्या उत्तरावर विसंबून गाडी ठरवू नये, असं माझं आग्रहाचं सांगणं आहे. ते उत्तर खोटं नसतं, वेगळ्या रस्त्याचं असतं. प्रमाणित मायलेज प्रयोगशाळेत, रोलरवर चाकं फिरवून काढतात. आपल्याकडे वर्षानुवर्षं वापरात असलेल्या या चाचणीत वेग ताशी ९० किलोमीटरच्या वर जात नाही, एसी बंद असतो आणि चढ नसतोच. इगतपुरीत पावसाळ्याचे चार महिने काचेवरचं धुकं घालवायला एसी लावावाच लागतो. मुंबईहून परतताना घाट चुकत नाही. मग कागदावरचा बाविसाचा आकडा इथे सतरा-अठरावर आला, तर गाडीत बिघाड आहे असं समजण्याचं कारण नाही.

या घाटाचा हिशेब रेल्वेने दीडशे वर्षांपूर्वीच मांडून ठेवला आहे. थळ घाटात, म्हणजे याच कसाऱ्याच्या घाटात, रुळांचा चढ ३७ फुटांना एक फूट इतका आहे, म्हणून कसाऱ्याला गाडीच्या मागे बँकर इंजिनं जोडावी लागतात. कसारा ते इगतपुरी उंचीतला फरक साधारण ३०० मीटर. माणसांसकट बाराशे किलोची गाडी तेवढी वर न्यायची, तर इंजिनाची नेहमीची कार्यक्षमता धरून नुसत्या उंचीसाठी अर्ध्या लिटरच्या आसपास पेट्रोल जास्तीचं जळतं. उतरताना यातलं थोडं परत मिळतं, पण गाडी गिअरमध्ये असेल तरच. आजच्या इंजेक्शनच्या इंजिनात गिअरमध्ये असताना अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढला की इंधनाचा पुरवठा जवळपास बंद होतो. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला पेट्रोल लागतच राहतं. पेट्रोल वाचवायचं म्हणून कसारा न्यूट्रलवर उतरणारे वाचवत काहीच नाहीत. उलट सगळा भार ब्रेकवर टाकतात, आणि तापलेले ब्रेक ऐन वळणावर दगा देतात. ही सवय ज्यांना आहे त्यांनी ती आजच सोडावी.

‘मग सगळ्यात छोटं इंजिन घेतलं की झालं’ असं म्हणणारे पुष्कळ भेटतात. सपाट रस्त्यावर आणि एक-दोन माणसांसाठी ते बरोबर आहे. ज्याचं जाणं-येणं घोटीच्या बाजारापुरतं आहे, त्याने हलकी, छोटी पेट्रोल गाडीच घ्यावी. सप्टेंबर २०२५ मध्ये छोट्या गाड्यांवरचा जीएसटी १८ टक्क्यांवर आल्याने ती परवडतेही. पण पाच माणसं आणि भरलेली डिकी घेऊन दर आठवड्याला घाट चढायचा असेल, तर छोटं इंजिन सेकंडवर ओरडत चढतं आणि पूर्ण दाबलेल्या अ‍ॅक्सिलरेटरवर त्याची सगळी काटकसर संपते. अशा माणसाला जरा जास्त ताकदीचं इंजिन प्रत्यक्षात तेवढंच पेट्रोल पिताना दिसेल, आणि ट्रकला ओलांडताना जिवाला घोर लागणार नाही.

दुसरा आक्षेप समृद्धी महामार्गाचा. ५ जून २०२५ ला इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाला, जवळपास आठ किलोमीटरचा बोगदा आला, मग घाटाची चिंता कशाला? वळणं गेली हे खरं, पण इगतपुरी काही खाली सरकलेली नाही. ती उंची कुठल्याही रस्त्याने चढावीच लागते. शिवाय समृद्धीवर कारला ताशी १२० ची मुभा आहे. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो, म्हणजे नव्वदवरून एकशेवीसवर गेलात की तो पावणेदोन पटींहून अधिक होतो. उंच, चौकोनी एसयूव्हीला याचा फटका सर्वांत जास्त बसतो. वर टोलही आहेच.

खरा घोळ होतो तो पैशांच्या हिशेबात. महिन्याला हजार किलोमीटर आणि पेट्रोल १०५ रुपये धरा. पंधरा देणाऱ्या गाडीऐवजी वीस देणारी घेतली तर महिन्याला साडेसतराशे रुपये वाचतात. विसाऐवजी पंचवीस देणारी घेतली तर वाचतात फक्त साडेदहाशे. दोन्हीकडे फरक पाचाचाच दिसतो, पण वरच्या पाचाला किंमत कमी. त्या वरच्या पाचासाठी हायब्रिडला दोन लाख जास्त मोजले, तर ते वसूल व्हायला पंधरा वर्षांहून अधिक लागतील. महिन्याला तीन हजार किलोमीटर फिरणाऱ्याचे पाच-साडेपाच वर्षांत निघतील. त्यातही हायब्रिडची खरी बचत शहरातल्या थांबत-थांबत चालणाऱ्या रहदारीत होते, आणि इगतपुरीत ती रहदारी नाही. डिझेल घाटात उत्तम ओढतं, पण २०२० नंतरच्या बीएस-६ डिझेल गाड्यांत धूर गाळणारा फिल्टर असतो आणि तो साफ व्हायला गाडी लांब पळावी लागते. रोज आठ-दहा किलोमीटर चालवणाऱ्याचा तो तुंबतो. सीएनजी खिशाला सर्वांत हलका, मात्र चढावर ओढ कमी पडते, डिकीतली जागा जाते आणि सिलिंडरची दर तीन वर्षांनी तपासणी करून घ्यावी लागते. रोज नाशिकला जाणाऱ्याने त्याचा विचार जरूर करावा.

टेस्ट ड्राइव्ह नाशिकच्या सपाट रस्त्यावर, एकट्याने आणि दहा मिनिटांत उरकू नका. घरची चार माणसं बसवा, एसी लावा आणि घाटापर्यंत गाडी न्यायची परवानगी मागा. नाही मिळाली, तर तेच मॉडेल वापरणारा इगतपुरी-घोटीतला कुणीतरी शोधा, आणि टाकी फुल करून पुन्हा फुल करेपर्यंत त्याची गाडी किती चालते ते विचारा, तेही जुलैतलं.