एक एकर भात: खर्च किती, कागद कोणते, पावती कुठे मागायची

कर्जत किंवा खालापूर तालुक्यात तुमची एक-दोन एकर भातशेती असेल, तर हंगामाचा हिशेब मे महिन्यातच मांडायला घ्या. बियाणे, खत, मजुरी यांचा खर्च निदान डोळ्यांना दिसतो. मोठा तोटा होतो तो कागदात. सातबारावर पीक लागलेले नाही म्हणून विमा अडतो, नुकसानभरपाई अडते, हमीभावाने भात घालता येत नाही. त्यामुळे आधी कागद, मग चिखलणी.

मे: सातबारा वाचून बघा

डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा आणि आठ-अ महाभूमीच्या संकेतस्थळावरून काढा. एका उताऱ्याला १५ रुपये पडतात. हा उतारा कायदेशीर कामाला चालतो. त्यावर तलाठ्याचा, म्हणजे आता ज्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणतात त्यांचा, वेगळा सही-शिक्का लागत नाही. भूलेखवर फुकट दिसणारा उतारा फक्त बघण्यासाठी असतो, कार्यालयात तो घेत नाहीत. सेवा केंद्रावरून काढून घेतलात तर छपाईचे थोडे पैसे देणे रास्त आहे, पण दर आधी विचारा आणि फलक दाखवायला सांगा.

उतारा हातात आला की घडी घालून ठेवू नका. नाव आधारवर आहे तसेच आहे का, क्षेत्र बरोबर आहे का, आणि मालक हयात नसतील तर वारसांची नावे लागली आहेत का, हे बघा. नावातली लेखनाची चूक असेल तर जमीन महसूल संहितेच्या कलम १५५ खाली तहसील कार्यालयात अर्ज करा. वारस नोंदीसाठी ई-हक्क प्रणालीतून अर्ज होतो. मृत्यूचा दाखला, सर्व वारसांची माहिती आणि आधार जोडा. वारस नोंदीला सरकारी शुल्क नाही. नोटीस निघाल्यावर हरकतीसाठी १५ दिवस ठेवावे लागतात, म्हणून हे काम जुलैवर ढकलू नका. ‘वारस लावून देतो’ म्हणत कोणी हजारांत आकडा सांगितला, तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा क्रमांक १०६४ आहे.

या दोन तालुक्यांत जमिनीला भाव आहे आणि शेजारी कधी कुंपण पडेल सांगता येत नाही. हद्दीबद्दल शंका असेल तर मोजणी उन्हाळ्यातच करून घ्या. ग्रामीण भागात दोन हेक्टरपर्यंतच्या नियमित मोजणीला २,००० रुपये, द्रुतगतीला ८,००० रुपये. अर्ज भूमी अभिलेख कार्यालयात किंवा ऑनलाइन करता येतो. चलनाची पावती जपा. मोजणीच्या दिवशी चुना, खुंट्या आणि माणसे तुमची, तेवढा खर्च धरा. भावाभावांत वाटणी व्हायची असेल तर २०२५चे दोन निर्णय तुमच्या उपयोगाचे आहेत. शेतजमिनीच्या वाटणीपत्राचे नोंदणी शुल्क माफ झाले आहे, आणि नोंदणीकृत वाटणीपत्र असेल तर पोटहिस्सा मोजणी २०० रुपयांत होते. वाटणीपत्राला मुद्रांक १०० रुपयांचा. ‘नोंदणीचे एक टक्का लागेल’ असे कोणी सांगत असेल, तर तो जुना हिशेब सांगतो आहे.

यानंतर शेतकरी ओळख क्रमांक, म्हणजे फार्मर आयडी. नोंदणी मोफत आहे. आधार, आधारला जोडलेला मोबाइल आणि तुमच्या नावावरच्या सगळ्या गटांचे उतारे न्या. एखादा गट राहिला तर पुढे त्या गटाचा लाभ अडतो. पीएम किसानचे वर्षाला ६,००० आणि राज्याच्या नमो शेतकरी योजनेचे ६,००० याच नोंदीवर चालतात. ई-केवायसी मोबाइलवरच्या ओटीपीने घरी होते, त्याला पैसे लागत नाहीत.

एक गोष्ट आपल्याच तालुक्याची. महाराष्ट्रात कर्जत दोन आहेत, एक रायगडात, दुसरे अहिल्यानगर जिल्ह्यात. ऑनलाइन अर्जात आधी जिल्हा निवडा, मग तालुका. कागदावर दरवेळी ‘कर्जत, जि. रायगड’ असे पूर्ण लिहा. केंद्रावर दुसरा माणूस अर्ज भरत असेल तर सबमिट करण्यापूर्वी पडदा स्वतः वाचा.

कर्ज घेताना

गावची सोसायटी, रायगड जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँक किंवा राष्ट्रीयीकृत बँक, कुठूनही पीककर्ज घ्या. तीन लाखांपर्यंतचे पीककर्ज मुदतीत फेडले तर केंद्र आणि राज्याच्या सवलती मिळून व्याज शून्यावर येते. १ जानेवारी २०२५ पासून दोन लाखांपर्यंतच्या शेतीकर्जाला तारण लागत नाही. हातात येणारी रक्कम मात्र मंजुरीपेक्षा कमी असते, आणि फरक कशाचा ते विचारणे तुमचा हक्क आहे. सोसायटी शेअर किती कापते? विम्याचा हप्ता परस्पर वळता केला आहे का? व्याज आधी भरून नंतर परत मिळणार की भरायचेच नाही? फेडीची नेमकी तारीख कोणती? ही तारीख घरात भिंतीवर लिहून ठेवा. एका दिवसाच्या उशिरानेही सवलत जाते.

कर्जदाराला पीकविमा सक्तीचा नाही. नको असेल तर अंतिम तारखेच्या सात दिवस आधी बँकेत तसे लेखी द्यावे लागते. तोंडी सांगून हप्ता थांबत नाही.

बियाणे आणि खत

तुमच्या दारात प्रादेशिक कृषी संशोधन केंद्र आहे, दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचे. कर्जत-३, कर्जत-७, कर्जत-१८४ ही हळवी वाणे तिथलीच. मे महिन्यातच बियाण्याची चौकशी करा. या सुधारित वाणांचे बियाणे एकदा विकत घेतले की घरचे निवडून दोन-तीन वर्षे वापरता येते. सह्याद्रीसारखे संकरित घेतले तर दरवर्षी विकत घ्यावे लागते. पुनर्लागवडीला एकरी साधारण १५ किलो सुधारित किंवा ८ किलो संकरित बियाणे पुरते. हळवे भात लवकर तयार होते, पण परतीच्या पावसात सापडायची भीतीही त्यालाच जास्त. सगळ्या खाचरांत एकच वाण लावू नका.

पेरणीआधी १०० दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवा. ८० उगवले पाहिजेत. दहा लिटर पाण्यात ३०० ग्रॅम मीठ घालून बियाणे बुडवा आणि वर तरंगणारे पोचट दाणे काढून टाका. या चार रुपयांच्या मिठाने जे काम होते, ते नंतर महागडी फवारणी करूनही होत नाही. पिशवी, तिच्यावरचा टॅग, पक्की पावती आणि मूठभर बियाणे कापणीपर्यंत ठेवा. उगवण फसली तर तालुका कृषी अधिकाऱ्यांकडच्या तक्रारीत हाच पुरावा लागतो.

खताची शिफारस हेक्टरी १०० किलो नत्र, ५० स्फुरद, ५० पालाश. एकराला हे बसवले तर डीएपीची एक गोणी आणि युरिया साधारण दीड गोणी, शिवाय पोटॅश. युरियाची ४५ किलोची गोणी २६६ रुपये ५० पैसे, डीएपीची ५० किलोची १,३५० रुपये. अर्धी गोणी मिळत नसल्याने युरियाच्या दोन धरल्या तर दोन्ही मिळून १,८८३ रुपये. पोटॅशचा भाव गोणीवर छापलेला बघा.

इथेच लिंकिंगचा त्रास होतो. ‘युरिया हवा तर ही बाटली घ्या, ही सूक्ष्म अन्नद्रव्याची पिशवी घ्या’ असे दुकानदार सांगतो. युरियावर दुसरा माल लादणे बेकायदा आहे. आधार लावून पॉस यंत्राची पावती घ्या आणि पावतीवरच्या गोण्या मोजा. तुमच्या अंगठ्यावर जास्त गोण्या दाखवल्या असतील तर पुढच्या वेळी तुम्हालाच अडचण येते. तक्रार तालुका कृषी कार्यालयात लेखी द्या, किंवा कृषी विभागाच्या १८०० २३३ ४००० या क्रमांकावर.

जुलै: लावणी आणि यंत्र

लावणीला एकरी बारा ते पंधरा माणसे एका दिवसाला धरा. रोजगार हमीची मजुरी २०२५-२६ मध्ये ३१२ रुपये होती. लावणीचा दर त्याहून बराच वर जातो, कारण खोपोलीचे कारखाने आणि फार्महाउसची कामे याच माणसांना बोलावतात. गावातला चालू दर आधी विचारा आणि त्यात चहा, जेवण, आणायचा-सोडायचा टेम्पो मिळवा. शेवटचा आकडा ठरलेल्या मजुरीपेक्षा हमखास मोठा निघतो. मजूर लांबच्या वाडीवरून येत असतील तर त्यांचे पैसे त्याच संध्याकाळी द्या.

ट्रॅक्टर किंवा पॉवर टिलर भाड्याने घेताना दर तासाचा की एकराचा, डिझेल कोणाचे, येण्या-जाण्याचा वेळ मोजणार का, आणि कमीत कमी किती तासांचे पैसे घेणार, हे खाचरात यंत्र उतरण्याआधी ठरवा. आपली खाचरे लहान असल्याने वळण्यातच वेळ जातो. अशा ठिकाणी तासापेक्षा एकराचा दर तुम्हाला परवडतो.

चिखलणी आणि लावणी दोन्ही वाचवायच्या असतील तर नेरळच्या सगुणा बागेत जाऊन सगुणा राइस टेक्निक बघून या. चंद्रशेखर भडसावळे यांनी विकसित केलेल्या या पद्धतीत कायम गादीवाफ्यावर साच्याने खुणा पाडून बी टोकतात. नांगरणी, चिखलणी, लावणी तिन्ही जातात. पहिल्या वर्षी गादीवाफे आणि साचा यांचा खर्च, आणि तण वेळेवर न आवरल्यास मोठी फजिती, हे दोन्ही लक्षात घ्या. पहिल्या वर्षी दहा गुंठ्यांत करून बघा.

यंत्र विकत घ्यायचे असेल तर महाडीबीटीवर अर्ज करा. अर्जाचे शुल्क २३ रुपये ६० पैसे. २०२५ पासून सोडत बंद होऊन आधी अर्ज करणाऱ्याला आधी, असा क्रम आहे. पूर्वसंमती पत्र हातात येण्यापूर्वी यंत्र घेऊ नका. आधीची तारीख पडलेल्या बिलावर अनुदान मिळत नाही, मग विक्रेता काहीही सांगो.

याच दिवसांत साप चावण्याचे, वीज पडण्याचे प्रकार होतात. शेतात किंवा कुठेही असा अपघात झाला तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत मृत्यूला दोन लाख, एक डोळा किंवा एक अवयव निकामी झाल्यास एक लाख मिळतात. वय १० ते ७५. शेतकऱ्याबरोबर घरातली आणखी एक व्यक्तीही यात येते, तिचे नाव सातबारावर नसले तरी. हप्ता काही नाही. तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे ३० दिवसांत अर्ज द्यायचा. मृत्यू झाला असेल तर पोलीस पंचनामा आणि शवविच्छेदन अहवाल लागतो. अशा वेळी घरच्यांना हे सुचत नाही, म्हणून शेजाऱ्यांनी आठवण करावी.

ऑगस्ट: पीक पाहणी

हंगामातले सर्वांत महत्त्वाचे अर्ध्या तासाचे काम हेच, आणि त्याला एक पैसाही लागत नाही. ई-पीक पाहणीच्या अ‍ॅपमधून बांधावर उभे राहून फोटो काढा आणि नोंद करा. मुदत दरवर्षी जाहीर होते. चूक झाली तर ४८ तासांत दुरुस्त करता येते. शेतात रेंज नसेल, मोबाइल जुना असेल, तर गावच्या पीक पाहणी सहाय्यकाला मुदत संपायच्या आधी गाठा. राजनाल्याच्या पाण्यावर उन्हाळी भात घेत असाल तर त्या हंगामाची नोंद वेगळी करावी लागते आणि पाटबंधारे खात्याकडे पाणी अर्जही वेगळा.

विमा एक रुपयात मिळायचा तो २०२४ पर्यंत. २०२५च्या खरिपापासून शेतकऱ्याचा हप्ता संरक्षित रकमेच्या जास्तीत जास्त दोन टक्के झाला, आणि भरपाई महसूल मंडळातल्या पीक कापणी प्रयोगांवर ठरू लागली. म्हणजे फक्त तुमचेच खाचर वाहून गेले तर पैसे मिळतीलच असे नाही. पैसे भरण्यापूर्वी त्या वर्षी कोणती जोखीम धरली आहे ते विचारा. अर्ज भरण्याचे पैसे केंद्रचालकाला विमा कंपनी देते, हप्त्याव्यतिरिक्त तुम्ही काही देणे लागत नाही. दुसऱ्याची जमीन वाट्याने करत असाल तर नोंदणीकृत भाडेकरार लागतो. मालक करार करून देत नसेल तर विम्याच्या भरवशावर खर्च वाढवू नका.

अतिवृष्टीने नुकसान झाले तर पंचनाम्याच्या वेळी स्वतः बांधावर हजर राहा. यादीत नाव आणि विशिष्ट क्रमांक आला की ई-केवायसी लगेच करा, पैसे तिथेच अडकून राहतात.

भात विकताना

२०२५-२६ चा हमीभाव साधारण भाताला क्विंटलला २,३६९ रुपये, ‘अ’ दर्जाला २,३८९. खरेदी मार्केटिंग फेडरेशनच्या केंद्रावर होते. आधी ऑनलाइन नोंदणी लागते: पीक नोंद असलेला सातबारा, आधार, बँक पासबुक. जमीन दुसऱ्याची असेल तर संमतीपत्र. ओलावा १७ टक्क्यांच्या आत हवा, नाहीतर माल परत येतो आणि टेम्पोचे दुहेरी भाडे तुमच्या डोक्यावर. दोन-तीन उन्हे चांगली द्या. हेक्टरी किती क्विंटल घेणार, बारदान कोणाचे, हमाली कोणाकडे, हे नेण्यापूर्वी विचारा.

खासगी व्यापारी खळ्यावर येऊन रोख देतो, ही सोय खरी आहे. पण क्विंटलमागे दोन किलो कडता कापला तर वीस क्विंटलला चाळीस किलो गेले, हमीभावाने सुमारे ९४८ रुपये. वजनकाटा आधी रिकामा बघा, मग पोते चढवा.

केंद्रावर भात घालायचे नसले तरी नोंदणी कराच. २०२४-२५च्या हंगामात राज्याने हेक्टरी २०,००० रुपये प्रोत्साहन दिले, दोन हेक्टरपर्यंत, आणि ते नोंदणी केलेल्या शेतकऱ्याला भात विकले नसले तरी लागू होते. एका एकराला सुमारे ८,००० रुपये. नोंदणी न केलेल्यांचे तेवढे गेले.

घरच्यासाठी भरडायला नेताना क्विंटलभर भाताला ६५ ते ६७ किलो तांदूळ अपेक्षित धरा. भरडाईचा दर भातावर की तांदळावर, कोंडा आणि कणी कोणाची, हे गिरणीवर पोते उतरवण्याआधी बोलून घ्या. गाय-म्हैस असेल तर कापणी यंत्राने करतानाही पेंढ्याचा विचार करा. हार्वेस्टरमधून निघालेला पेंढा तुकडे होऊन पसरतो, आणि उन्हाळ्यात तोच विकत घ्यावा लागतो.

पैसे खात्यात आले नाहीत तर कार्यालयाच्या फेऱ्या मारण्यापूर्वी बँकेत जाऊन विचारा: आधार कोणत्या खात्याला जोडले आहे? बहुतेक वेळा रक्कम आलेली असते, पण पूर्वी कधीतरी उघडून विसरलेल्या दुसऱ्याच खात्यात.