गल्लीतला दवाखाना : मुलाला नेताना काय बघायचं?



वांगी घेताना आपण एकेक उलटून बघतो. दवाखान्यात मात्र "डॉक्टरांच्या हाताला गुण आहे" एवढ्यावर मूल समोर बसवतो. गुण असेलही. पण साधा सर्दी-ताप बहुतेक वेळा तीन-चार दिवसांत आपोआप उतरतो आणि श्रेय शेवटच्या सुईला मिळतं! म्हणून डोळ्यांना दिसतं ते आधी बघू या.

पहिली पाटी. २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेनुसार ॲलोपॅथीच्या डॉक्टरांनी नोंदणी क्रमांक दवाखान्यात लावायचा असतो, चिठ्ठीवरही लिहायचा असतो. महाराष्ट्रात ही नोंदणी महाराष्ट्र मेडिकल कौन्सिल करते. आयुर्वेद आणि होमिओपॅथीच्या परिषदा वेगळ्या आहेत.

मग सुई. सिरिंज आणि सुई, दोन्ही तुमच्या समोर नव्या पाकिटातून निघाली पाहिजेत. नुसती सुई बदलून तीच सिरिंज वापरली तरी हिपॅटायटिस बी, सी किंवा एचआयव्हीचा धोका राहतोच. वापरलेली सुई कटरमध्ये तोडून पांढऱ्या, टणक डब्यात जायला हवी. ती साध्या कचऱ्यात दिसली तर समजा, उद्या सफाई कामगाराच्या हातात घुसणार. आणि खरं सांगायचं तर "डॉक्टर, एक इंजेक्शन देऊनच टाका" हा हट्ट बरेचदा आपलाच असतो.

मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती पुडीची. माझ्या वर्गातल्या एका मुलीच्या अंगावर रात्री पुरळ उठलं, ओठ सुजले. मोठ्या दवाखान्यात विचारलं, "कोणतं औषध दिलं होतं?" आईने कागदाची पुडी पुढे केली. दोन पांढऱ्या गोळ्या, एक गुलाबी अर्धी. नाव कशावरच नाही. मुलगी बरी झाली, पण कोणतं औषध तिला चालत नाही हे आजही घरात कुणाला ठाऊक नाही.

वजनकाटा आहे का तेही बघा. मुलांचा डोस बहुधा वजनावर ठरतो. पॅरासिटामॉल एका वेळी किलोमागे १० ते १५ मिलिग्रॅम, म्हणजे २० किलोच्या मुलाला २०० ते ३०० मिलिग्रॅम. बाजारात एका बाटलीच्या ५ मिलिलिटरमध्ये १२५ मिलिग्रॅम असतं, दुसरीच्या तेवढ्यातच २५०. तेव्हा नुसतं "एक चमचा द्या" म्हटलं तर विचारायचं : कोणत्या बाटलीतला, किती मिलिलिटर? घरातला चमचा नकोच, बाटलीसोबतचं माप घ्या.

विचारायला संकोच वाटतो, मान्य आहे. बाहेर पंधरा माणसं ताटकळत असतात, कंपाउंडर पुढचं नाव पुकारतो. तरी एक वाक्य पाठ करून जा : "डॉक्टर, गोळ्यांची नावं तेवढी केसपेपरवर लिहून देता का?" बरेच डॉक्टर हसत लिहून देतात. ज्यांना याचाच राग येतो, त्यांच्याकडे पुढच्या वेळी मुलाला नेण्याआधी मी तरी दुसरा दवाखाना शोधेन.