चिपाडात कसलं करिअर?

रसवंतीच्या चरकाचे घुंगरू वाजत असतात आणि मागे चिपाडांचा ढीग वाढत असतो. त्या कचऱ्यानेच आवाज शोषून घेता येईल का, असा प्रश्न ज्या मुलांना पडतो त्यांच्यासाठी हा लेख. अर्थात, ‘चिपाडात कसलं करिअर?’ म्हणणाऱ्या पालकांसाठीही.

कल्पना जुनी आहे. अमेरिकेतली सेलोटेक्स कंपनी १९२०च्या दशकातच चिपाडांचे बोर्ड बनवून, त्यांना भोकं पाडून सभागृहांसाठी विकत होती. तंतूंमधल्या बारीक पोकळ्यांत हवा घासली जाते आणि आवाजाची ऊर्जा उष्णतेत जिरते. मात्र पातळ बोर्ड बासरी शोषतो, ढोल नाही; खर्जातल्या आवाजाच्या लहरी फार लांब असतात. १०० हर्ट्‌झच्या लहरीची लांबीच सुमारे साडेतीन मीटर असते. शिवाय शोषणं म्हणजे अडवणं नव्हे; शेजारचा टीव्ही अडवायला जड भिंतच लागते.

खरी डोकेदुखी पुढे आहे. चिपाडात उरलेल्या साखरेमुळे बुरशी धरते. वाळवी, आग आणि पावसाळी दमटपणा आहेच. शिवाय साखर कारखान्यात ही चिपाडं, म्हणजे बगॅस, बॉयलरमध्ये जातात, त्यातून वीज होते; म्हणजे कच्चा माल फुकट मिळेल, हा भ्रम नको.

चिपाडांच्या ध्वनिशोषक बोर्डाच्या नावाची पदवी शोधत बसू नका. मूल कोणत्या प्रश्नात अडकतं, ते घरीच बघा. रिकाम्या खोलीत टाळी वाजवा, मग गोधड्या पसरून पुन्हा वाजवा. हार्वर्डमध्ये वॉलेस सॅबिन यांनी १८९५पासून खुर्च्यांच्या गाद्या घेऊन असंच मोजमाप केलं आणि वास्तुध्वनिशास्त्राचा पाया घातला. ज्याला टाळीचा फरक मोजावासा वाटतो, त्याने भौतिकशास्त्र किंवा मेकॅनिकल घ्यावं. चिपाडं डब्यात ठेवून रोज बुरशी न्याहाळणाऱ्याने सूक्ष्मजीवशास्त्र, रसायनशास्त्र किंवा पॉलिमर. ‘हे छताला दिसेल कसं?’ असं विचारणाऱ्याने आर्किटेक्चर. त्यासाठी बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित हवं. दहावीनंतर डिप्लोमाची वाटही आहे.

पालकांनो, फक्त चिपाडाच्या बोर्डावर चालणाऱ्या नोकऱ्या आज मोजक्याच आहेत. पण सभागृह, स्टुडिओ, मोटारी, कार्यालयं यांना आवाज आवरणारी माणसं लागतात. पाया मूळ शाखेत पक्का करा, विशेष अभ्यास नंतर. आणि डब्यातल्या बुरशीला नाक मुरडून तो डबा लगेच घासायला टाकू नका. मुलाने त्यावर तारीख लिहिली असेल, तर शाखा बहुधा ठरलीच आहे.