एकट्या मुलाला मित्र कसा मिळतो?



माझे बालपण वसईत, भुईगावच्या समुद्राजवळ गेले. आठ वर्षांचा असताना आजारपणात शाळेचे एक वर्ष बुडाले आणि बरोबरीची मुले पुढच्या वर्गात गेली. मग संध्याकाळी सुरूच्या बनापलीकडे वाळूत एकटाच बसायचो. कुणीतरी खेळायला हाक मारील म्हणून वाट बघायची आणि दिवेलागणीला घरी परतायचे. आई म्हणायची, "अरे, बोल ना कुणाशी तरी!" तिला काय सांगणार? बोलायला जमले असते तर वाळूत कशाला बसलो असतो?

हे सारे मी पार विसरलो होतो. काही वर्षांपूर्वी गडचिरोली जिल्ह्यात, भामरागडकडच्या एका वसतिगृहात जाणे झाले. पर्लकोटा नदीच्या काठी पहिलीतला एक माडिया मुलगा दगडावर बसला होता. मी दोन-तीन प्रश्न विचारले. उत्तर नाही. सोबतच्या गुरुजींना मी म्हणालो, "पोरगा जरा मंद दिसतो." गुरुजी शांतपणे म्हणाले, "फादर, त्याले मराठी येत नाही. तुमाले माडिया येते का?"

मला खूप शरम वाटली.

माडिया ही द्राविडी कुळातली बोली आहे, मराठीशी तिचे नाते नाही. आपल्या गावात हे मूल कधी एकटे नसते. तेथे आजी-आजोबा असतात, भावंडे असतात, गावाचे गोटुल असते. सहाव्या वर्षी ते आश्रमशाळेत येते आणि घंटा, पुस्तक, रागावणे, माया करणे, सगळेच परक्या भाषेत सुरू होते. कित्येक मुले जंगलवाटेने घरी पळून जातात. आपण त्यांना 'बुजरी' म्हणून मोकळे होतो. हेमलकशाला बाबा आमटे यांनी १९७३ साली लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला, तेव्हा लोक जवळ यायला तयार नव्हते. डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे माडिया बोलायला शिकले. तेथली शाळा १९७६ साली सुरू झाली. हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो.

सेमिनरीत आम्हाला ॲरिस्टॉटलचे नीतिशास्त्र होते. त्याची आठवा आणि नववा असे दोन पूर्ण भाग मैत्रीवर आहेत. मैत्रीची इच्छा चटकन होते, मैत्री मात्र वेळ घेते, असे तो म्हणतो. बरोबर बसून पुरेसे मीठ खाल्ल्याशिवाय माणसे एकमेकांना ओळखत नाहीत, अशी त्याच्या काळची एक म्हणही तो देतो. तरुणांची मैत्री मौजेपुरती असते आणि लवकर मोडते, असेही त्याचे मत आहे. येथे माझे त्याच्याशी पटत नाही. त्याने वसतिगृह पाहिले नव्हते!

संत योहानाच्या शुभवर्तमानाच्या एकविसाव्या अध्यायातही एक किनारा आहे. रात्रभर जाळी टाकून रिकामे परतलेल्या शिष्यांना येशू 'मुलांनो' म्हणून हाक मारतो. काठावर निखारे पेटलेले, त्यावर मासळी, शेजारी भाकर. पेत्राला तो अवघड प्रश्न विचारतो, पण न्याहारी झाल्यावर. मी मात्र त्या मुलाला आल्याआल्या प्रश्न विचारले होते.

गुरुजींनी वेगळे काही केले नाही. दोन्ही भाषा येणाऱ्या तिसरीतल्या एका मुलाला त्यांनी जेवणाच्या पंगतीत त्याच्या शेजारी बसवले. बाकी काही सांगितले नाही, 'मैत्री करा' असेही नाही. महिना दीड महिना दोघे नुसते जेवत होते म्हणे.

दिवाळीनंतर मी पुन्हा गेलो, तर त्याच दगडावर दोघे! हातात कच्ची चिंच आणि कागदाच्या पुडीत स्वयंपाकघरातून लांबवलेले मीठ. मलाही एक तुकडा मिळाला. मी त्यांना माझ्या गावच्या समुद्राबद्दल सांगितले. हे पाणी इंद्रावतीला मिळते, इंद्रावती गोदावरीला, आणि गोदावरी पार बंगालच्या उपसागरात जाते. समुद्राचे पाणी खारट असते, त्याचेच मीठ करतात, हेही सांगितले. मोठा ते माडियात समजावत होता. धाकटा विचारात पडला, मग त्याच्या कानाशी काहीतरी पुटपुटला. मोठा हसत हसत मला म्हणाला,

"फादर, हा म्हणते, आमचंच पाणी तिकडं जाते, मंग आमी मीठ इकत कायले घ्याचं?"