वाट वाकडी, कागद सरळ

नेहमीचा रस्ता सोडून शिकलेल्या माणसाला जे काम शेवटी सापडतं, ते बहुधा त्याने ठरवलेलं नसतं. ही वाट मी चाललो आहे. तिची ओढही ठाऊक आहे आणि तिच्यातले खाचखळगेही. तरी माझी कहाणी सांगत बसत नाही, कारण एका माणसाच्या नशिबावरून कुणी आपल्या मुलाचा निर्णय घेऊ नये. सांगायचं आहे ते एवढंच, की अशा शिक्षणात माणूस अडतो तो हातातलं कसब कमी पडल्यामुळे क्वचितच. तो अडतो वेळेवर न केलेल्या कागदांपाशी आणि दुसऱ्याला दाखवता न आलेल्या कामापाशी.

उदाहरणार्थ, चित्रपटकार दादासाहेब फाळक्यांचं शिक्षण आजच्या पालकाला धरसोड वाटेल. १८८५ साली मुंबईचं जे. जे. स्कूल ऑफ आर्ट, मग बडोद्याचं कलाभवन. चित्रकला, मूर्तिकाम, फोटोग्राफी. पुढे पुरातत्त्व खात्यात नोकरी, नंतर छापखाना, रंगीत छपाईची तंत्रं शिकायला जर्मनीची वारी. मध्येच जादूचे प्रयोग, तेही ‘प्रोफेसर केळफा’ या नावाने, म्हणजे आपलंच आडनाव उलटं करून. यातलं एकही शिक्षण सिनेमासाठी नव्हतं. असणार कुठून, सिनेमाचा धंदा इथे उभाच नव्हता. पण ३ मे १९१३ रोजी त्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ हा चित्रपट गिरगावात लागला तेव्हा यातलं काहीच वाया गेलेलं नव्हतं. पडदे रंगवायला चित्रकला, फिल्म धुवायला अंधाऱ्या खोलीतली सवय, पुढे ‘लंकादहन’ आणि ‘कालिया मर्दन’मधल्या चमत्कारांना जादूगाराची नजर. ही कौशल्यं एकमेकांच्या शेजारची होती, म्हणूनच ती एका कामात सामावली. दहा ठिकाणची दहा प्रमाणपत्रं गोळा करणं वेगळं आणि एका कामाच्या अंगाने दुसरं शिकत जाणं वेगळं, हा फरक मला फार महत्त्वाचा वाटतो.

फाळके असामान्य होते, त्यांचा दाखला सामान्य मुलाला कशाला, असं कुणी म्हणेल. मग कोल्हापूरकडे पाहा. बाबूराव पेंटर नाटकांचे पडदे रंगवत होते, त्यांनी स्वतःचा कॅमेरा बनवला. त्यांच्या हाताखाली दामले आणि फत्तेलाल तयार झाले. दामले तर पुढे प्रभात फिल्म कंपनीत ध्वनिमुद्रणाकडे वळले आणि १९३६चा ‘संत तुकाराम’ हा चित्रपट या दोघांनी दिग्दर्शित केला. एका गावात इतकी माणसं तयार होतात, तेव्हा ते एकेकट्या प्रतिभेचं काम नसतं, कारखान्यातल्या शिकण्याचं असतं. पुणे जिल्ह्यात पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम सुरू केला, तोही याच विश्वासावर. शाळेत न रमलेल्या मुलाने वर्षभर वेल्डिंगपासून शेतीपर्यंत सगळं हाताने करायचं, गावाला लागणाऱ्या वस्तू आणि सेवा द्यायच्या, आणि त्यातून आपला कल ओळखायचा. हात अनेक कामांत फिरलेला असला, की अनपेक्षित काम समोर आल्यावर मूल बिचकत नाही.

दुसरा आक्षेप जास्त खरा आहे, आणि तो मी पूर्ण मान्य करतो. ज्यांचं जमलं त्यांचीच नावं लिहिली जातात. ज्यांचं फसलं त्यांची यादी कुणी ठेवत नाही. शिवाय गरीब घराला असा जुगार परवडत नाही. म्हणूनच माझा आग्रह कागदांचा आहे. शाळा सोडली तरी दहावी-बारावी सोडू नका. राज्य मंडळाचा १७ नंबरचा फॉर्म भरून खाजगीरीत्या बसता येतं. मात्र परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये असली तरी तो फॉर्म आदल्या वर्षीच भरावा लागतो आणि शाळा सोडल्याचा दाखला हाताशी लागतो. तारीख चुकली की वर्ष गेलं. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेत नोंदणी पाच वर्षं चालते, एकेक विषय सोडवत जाता येतं. काम शिकत असलेल्या मुलाला हे जास्त सोयीचं. नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठामुळे नोकरी करता करता पदवी घेता येते, आणि स्पर्धा परीक्षांना ती चालते. पण बारावी गाळून थेट पदवीकडे जाण्याचा मोह टाळा. पुढे एखाद्या जाहिरातीत ‘शैक्षणिक अर्हता’ या ओळीत बारावी मागितली, की तिथे कुणाचा इलाज चालत नाही. ज्या व्यवसायांना परिषदेची नोंदणी लागते, म्हणजे डॉक्टर, परिचारिका, वकील, वास्तुविशारद, तिथे नियम आधी वाचा आणि मगच वाट सोडा. मुक्त शाळेतून बारावी झालेल्यांना ‘नीट’ या वैद्यकीय प्रवेश परीक्षेला बसू न देणारी अट दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ साली रद्द केली, तरी तो वाद पुढे रेंगाळलाच. मुलांची वर्षं त्या दरम्यान थांबून राहत नाहीत.

कागद म्हणजे फक्त गुणपत्रिका नव्हे. भागीदारीचा करारही कागदच. फाळक्यांना पुढे भागीदारांशी न पटल्याने स्वतः उभी केलेली कंपनी काही काळ सोडावी लागली. कसबाने ते कुणाला हार जाणारे नव्हते. करारासारखाच आपल्या कामाचाही कागद हवा, तेव्हा पहिल्या कामापासून एक वही ठेवा. काय केलं, कुणासाठी, किती दिवस लागले, किती पैसे मिळाले, कुठे बिघडलं आणि कसं दुरुस्त केलं, सोबत फोटो. बिघडलेलं लिहायला लाजू नका. काम देणारा तेच आधी वाचतो. पदवी नसलेल्या माणसाकडे जग ‘दाखव पाहू’ म्हणूनच बघतं, आणि त्यात अन्याय असला तरी सोयही आहे. १९१२ साली सिनेमाची पदवी कुठेच मिळत नव्हती आणि फाळक्यांना पैसे लावणारा कुणी हवा होता. त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला, कॅमेरा समोर ठेवून कोंबाची वाढ थोडी थोडी टिपली आणि काही आठवड्यांचं ते वाढणं मिनिटा-दोन मिनिटांत पडद्यावर दाखवलं. भांडवल उभं राहिलं ते त्यानंतर.