तुळजापूरला चालत निघण्याआधी

कोजागिरी जवळ आली की सोलापूरहून तुळजापूरकडे जाणारा रस्ता भाविकांनी फुलून जातो. वाट सुमारे ४५ किलोमीटरची, आणि अनेकजण ती अनवाणी चालतात. नवस बोललेल्या माणसाला अडवायचं माझ्या मनात नाही. पण तुम्हाला मधुमेह असेल, तर हात जोडून सांगतो, अनवाणी जाऊ नका. आई भवानी पायात चप्पल घालून येणाऱ्यालाही दर्शन देते.

साखर वर्षानुवर्षं वाढलेली राहिली की पायांच्या नसा बधिर होतात. खडा टोचला, डांबराचा चटका बसला, फोड फुटला, तरी कळत नाही. दुखत नाही म्हणून माणूस चालत राहतो आणि जखम खोल जाते. बोट कापायची वेळ आलेले रुग्णही सांगतात, "डॉक्टर, दुखतच नव्हतं हो!" म्हणून निघण्याआधी पाय तपासून घ्या. नायलॉनचा बारीक तंतू तळव्याला टेकवून स्पर्श कळतो का ते पाहतात. दोन-चार मिनिटांचं काम, सुई नाही, वेदना नाही.

नव्या चपलेत तर मुळीच निघू नका. पंधरा दिवस आधीपासून ती रोज थोडी थोडी वापरा. सुती मोजे घाला, पिशवीत एक जोड जास्तीचा ठेवा. जिथे थांबाल तिथे तळवे पाहा. वाकता येत नसेल तर सोबतच्याला पाहायला सांगा. पाण्याचा फोड फोडू नका, वरची कातडी जखमेचं रक्षण करते. फुटलाच तर साबण-पाण्याने धुऊन कोरडी पट्टी बांधा. हळद, चुना, टूथपेस्ट काही लावू नका. घरी आल्यावर शेकायला कढत पाणी घेतलंत तर बधिर पाय भाजून निघेल, हेही लक्षात ठेवा.

एरवीच्या तक्रारीही कमी नाहीत. यंत्रमागावर दिवसभर उभे राहणाऱ्यांची टाच सकाळी पहिल्याच पावलाला ठणकते. त्यांनी अंथरुणातच पायाचा चवडा हाताने स्वतःकडे ओढून पोटरी ताणावी, मग उठावं. विड्या वळताना मांडी घालून बसणाऱ्या बायांनी अर्ध्या तासाने एकदा तरी उठून चार पावलं चालावं. टाचांच्या भेगांना रात्री व्हॅसलीन किंवा कोकम तेल लावा, पण बोटांच्या बेचक्यात नको. तिथे ओल राहिली की चिखल्या होतात, त्या जागा कोरड्याच हव्यात. कुरूप ब्लेडने कापू नका. मधुमेह असेल तर कुरूपाची औषधी पट्टीसुद्धा स्वतःच्या मनाने लावू नका. तिच्यातल्या आम्लाने निरोगी कातडीही जळते.

बोट काळं पडलं, जखमेला वास आला, लाली वर सरकू लागली, किंवा एकच पाय न दुखता गरम होऊन सुजला, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. सोमवारची वाट पाहू नका.