वाटेवरचे थांबे : कुटुंबाच्या सहलीतून इतिहासाचे अध्ययन

दिवाळीच्या आणि उन्हाळ्याच्या सुटीत निवासी विद्यालयातील मुलांना नेण्यासाठी पालक येतात. अलीकडे त्यांतील काही कुटुंबे थेट घरी न जाता दोन-तीन दिवसांची सहल काढतात. भाड्याची जीप ठरते, दोन भावांची कुटुंबे एकत्र येतात आणि औरंगाबाद-वेरूळचा किंवा नागपूरच्या दीक्षाभूमीचा बेत आखला जातो. ही निश्चितच समाधानाची बाब आहे. मात्र अशा सहलींत एक उणीव सर्रास आढळते. निघाल्यापासून पोहोचेपर्यंतचा रस्ता म्हणजे केवळ कापावयाचे अंतर, अशी आपली समजूत झालेली असते. मुले खिडकीशी डुलक्या घेतात, वडीलधारी मंडळी चालकाला घाई करतात आणि गाडी थांबते ती डिझेल, चहा वा लघुशंकेपुरती. प्रस्तुत लेखात डोंगरकड्याहून वेरूळला जाणाऱ्या वाटेचे उदाहरण घेऊन, थांबे कसे निवडावेत आणि त्यांतून मुलांना इतिहास कसा शिकवावा, याचा विचार करावयाचा आहे.

थांबा निवडण्याची कसोटी मी एकच सुचवीन, ती म्हणजे पाणी. जेथे जुना पाणवठा आहे तेथे पूर्वी वाटसरू थांबत असला पाहिजे. आणि जेथे वाटसरू थांबत होता तेथे समाजाचे खरे रूप उघडे पडत होते. विहीर, बारव, टाके, हौद, तलाव यांपैकी काहीही दिसले की मुलांनी तीन प्रश्न विचारावेत. हे कोणी खोदले? त्याचा खर्च कोणी दिला? आणि येथे पाणी पिण्याची मुभा कोणाला नव्हती? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे शिलालेखांत, गॅझेटिअरमध्ये किंवा पुरातत्त्व खात्याच्या फलकावर मिळू शकतात. तिसऱ्याचे उत्तर फलकावर लिहिलेले नसते. ते बहुधा आपल्याच जीपमध्ये मागच्या बाकावर बसलेल्या आजीजवळ असते. १९५६ च्या धम्मदीक्षेपूर्वीचे दिवस ज्यांना स्वतःच्या अनुभवाने आठवतात अशी माणसे आता प्रत्येक गावात बोटांवर मोजण्याइतकी उरली आहेत. म्हणून मुलांच्या हाती मोबाइल देण्याऐवजी एक वही द्यावी आणि आजीला खिडकीची जागा द्यावी.

प्रवाशाला पाणी आणि सावली देणे हे राज्यकर्त्याचे कर्तव्य आहे, हा विचार आपल्या देशात फार जुना आहे. सम्राट अशोकाने रस्त्यांच्या कडेने वड लावले, आमराया उठविल्या, विहिरी खोदविल्या, विश्रामगृहे बांधविली आणि पाणपोयांची सोय केली. हे सारे माणसांसाठी आणि पशूंसाठीही आहे, असे त्याच्या सातव्या स्तंभलेखात नमूद आहे. कोणत्या माणसांसाठी, असा भेद त्या लेखात नाही. सातवाहनकाळात महाराष्ट्रातील घाटवाटांच्या आसपास बौद्ध लेणी कोरली गेली. नाणेघाटाजवळ जुन्नरची लेणी आहेत, बोरघाटाजवळ कार्ले व भाजे आहेत, आणि सातमाळ्याच्या रांगेत पितळखोरे आहे. व्यापाऱ्यांचे तांडे या वाटांनी जात. भिक्खूंच्या वर्षावासासाठी कोरलेले विहार, चैत्यगृहे आणि पाण्याची टाकी यांसाठी त्याच व्यापाऱ्यांनी, कारागिरांनी व गृहस्थांनी दाने दिली. लेण्यांतील शिलालेखांत पाण्याच्या टाक्यासाठी ‘पोढी’ हा शब्द येतो, आणि पोढीचे दान करणाऱ्यांची नावे कान्हेरीसारख्या ठिकाणी आजही वाचता येतात. पितळखोऱ्याच्या एका स्तंभावर पैठणच्या मितदेव नावाच्या सुगंधी द्रव्यांच्या व्यापाऱ्याचे दान नोंदलेले आहे. अत्तरे विकणारा माणूस डोंगरात एका स्तंभाचे दान करतो, ही गोष्ट मुलांना राजवंशांच्या सनावळीपेक्षा अधिक लवकर समजते, असा माझा वर्गातील अनुभव आहे.

पुढे जातिव्यवस्था जसजशी घट्ट होत गेली तसतसे वाटेवरचे पाणी सर्वांचे राहिले नाही. याचा सर्वांत बोलका पुरावा म्हणजे बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या स्वतःच्या बालपणातील एक कौटुंबिक प्रवास. त्यांच्या ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आत्मकथनपर लेखनात तो आलेला आहे. हे लेखन पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९९० साली पुस्तिकारूपाने प्रसिद्ध केले. १९०१ सालची ही हकिगत आहे. वडील सुभेदार रामजी हे खटाव तालुक्यातील गोरेगाव येथे दुष्काळी तलावाच्या कामावर खजिनदार होते. उन्हाळ्याच्या सुटीत त्यांना भेटण्यासाठी बाल भीमराव, त्यांचे थोरले बंधू आणि बहिणीची मुले साताऱ्याहून आगगाडीने निघाली. नवे कपडे, नव्या टोप्या, नवे जोडे; आयुष्यातील पहिला आगगाडीचा प्रवास. मसूर स्थानकावर उतरल्यावर स्टेशनमास्तरने आपुलकीने चौकशी केली, आणि मुले महार आहेत हे कळताच तो मागे सरला. बैलगाडीवाल्यांपैकी कोणी न्यावयास तयार होईना. शेवटी दुप्पट भाडे ठरले, आणि तेही अशा अटीवर की गाडी मुलांनीच हाकावी व गाडीवानाने बाजूने चालावे. डबा भरलेला होता. परंतु वाटेत जे पाणी मिळाले ते चिखल व शेणामुताने भरलेले होते. रात्री जकात नाक्याच्या झोपडीपाशी गाडी थांबली. तेथे त्यांनी आपण मुसलमान आहोत असे सांगून पाहिले, तरीही पाणी मिळाले नाही. भरल्या डब्याशेजारी उपाशी झोपून ती मुले दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास गोरेगावला पोहोचली.

आज महामार्गावर टोल नाक्यापाशी गाड्यांची रांग लागते. ती पाच-दहा मिनिटे पालकांनी चालकावर चिडण्यात घालवू नयेत. ही हकिगत सांगण्यासाठी त्याहून योग्य जागा नाही, आणि त्यासाठी वेगळा थांबाही घ्यावा लागत नाही.

अशीच स्थिती अमेरिकेतील कृष्णवर्णीयांची होती. न्यूयॉर्कच्या हार्लेम भागातील व्हिक्टर ह्यूगो ग्रीन नावाच्या टपालवाहकाने १९३६ साली प्रवाशांसाठी एक मार्गदर्शिका काढली. कोणत्या गावातील हॉटेल, खाणावळ वा पेट्रोल पंप कृष्णवर्णीय कुटुंबाला दारातून परत पाठविणार नाही, याची त्यात यादी असे. ‘ग्रीन बुक’ या नावाने ती ओळखली जाई. १९६४ साली नागरी हक्कांचा कायदा झाला आणि त्यानंतर थोड्याच वर्षांत तिचे प्रकाशन थांबले. आपल्या समाजाजवळ असे छापील पुस्तक नव्हते. कोणत्या गावी आपले नातलग आहेत, कोणत्या वस्तीत उतरता येईल, एवढे ज्ञान तोंडी चालत असे. आपल्या घरांतील वृद्ध मंडळी आजही फाट्याफाट्यावर पाण्याच्या बाटल्या विकत मिळत असताना घरून पाणी भरून घेतात. तरुण त्यांना हसतात. या सवयीत काटकसर किती आणि इतिहास किती, हे तरुणांनी एकदा शांतपणे विचारून पाहावे.

डोंगरकड्याहून औरंगाबादकडे औंढा, जिंतूर, मंठा, जालना अशी वाट आहे. पहिला थांबा अर्थातच औंढा नागनाथ. येथे काही पालक आक्षेप घेतात की आपण धम्मदीक्षा घेतली, बावीस प्रतिज्ञा घेतल्या, मग मंदिरापाशी कशाला थांबावे? पूजेसाठी थांबू नये हे मान्य. परंतु अभ्यासासाठी जरूर थांबावे. बाह्यांगावरील शिल्पांनी भरलेले दगडी काम पाहण्याजोगे आहे. संत नामदेवांची आख्यायिका येथेच सांगितली जाते : मंदिरासमोर कीर्तन करू दिले नाही म्हणून ते मागच्या बाजूस जाऊन बसले आणि मंदिरच त्यांच्याकडे फिरले. आपल्याच जिल्ह्यातील नर्सी हे त्यांचे जन्मगाव मानले जाते. मंदिर फिरले की नाही, हा इतिहासाचा प्रश्नच नव्हे. ज्याला समोर उभे राहू दिले नाही, त्याच्या बाजूने लोकांनी शेकडो वर्षे कथा सांगितली, ही इतिहासाची नोंद आहे.

जिंतूर तालुक्यातील चारठाणा येथे मुख्य रस्ता सोडून आत वळावे लागते, आणि चालक कुरकुर करतो, तरीही वळावे. यादवकालीन मंदिरे, उंच दगडी स्तंभ आणि बारव असा तेथील ठेवा आहे. सेलू तालुक्यातील वालूरची चक्राकार पायऱ्यांची बारव तर स्थापत्यदृष्ट्या दुर्मीळ होय, पण तिच्यासाठी वाट बरीच वाकडी करावी लागते. बारवेच्या काठावर मुलांना बसवून तिसरा प्रश्न येथे विचारावा. गावातील एखादे वृद्ध गृहस्थ बोलावयास तयार असतील तर त्यांना आदराने विचारावे. नसतील तर आग्रह धरू नये. हा सारा मुलूख १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता, हेही येथे सांगून ठेवावे, कारण पुढील थांब्यावर ते उपयोगी पडते. जालन्याच्या आसपास वेळ असल्यास सिंदखेड राजा हे राजमाता जिजाऊंचे जन्मस्थान, आणि संत चोखामेळ्यांचे जन्मगाव मानले जाणारे मेहुणा राजा, ही दोन गावे पाहता येतील. एका दिवसात सर्व पाहण्याचा हव्यास मात्र धरू नये. लहान मुले असतील तर दिवसाला तीन थांबे पुष्कळ झाले.

औरंगाबाद, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर, येथे मुक्काम करावा. नागसेनवनातील मिलिंद महाविद्यालय बाबासाहेबांनी १९५० साली सुरू केले आणि १ सप्टेंबर १९५१ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते त्याची कोनशिला बसविली गेली. भिक्खू नागसेनाला प्रश्नांमागून प्रश्न विचारणाऱ्या राजाचे नाव महाविद्यालयाला का दिले असावे, हे मुलांनाच विचारावे. विद्यापीठाच्या प्रवेशद्वारापाशी १४ जानेवारी १९९४ ही नामविस्ताराची तारीख आणि त्यामागील सोळा वर्षांचा संघर्ष सांगितल्याशिवाय पुढे जाऊ नये. विद्यापीठाच्या मागच्या डोंगरात औरंगाबादची बौद्ध लेणी आहेत. वेरूळ-अजिंठ्याच्या प्रसिद्धीमुळे आपली मंडळी तेथे फिरकत नाहीत, हे खेदजनक आहे. सातव्या लेण्यातील अवलोकितेश्वराचे शिल्प तर प्रवाशांसाठीच कोरलेले आहे. मध्यभागी बोधिसत्त्व उभे असून दोन्ही बाजूंस आग, चोर, बुडते जहाज, सिंह, सर्प, हत्ती अशा आठ संकटांत सापडलेली माणसे त्यांचा धावा करीत आहेत. पाणी नाकारले जाणे हे संकट त्या आठांत नाही. शिल्पकाराला ते सुचलेही नसावे.

तेथून सुमारे १५ किलोमीटरवर दौलताबाद आहे. किल्ल्याची भव्यता, अंधारी वाट, तोफा यांचे वर्णन वाटाडे करतीलच. आपण मात्र प्रथम दारापाशीच थांबावे. १९३४ साली बाबासाहेब चळवळीतील सुमारे तीस सहकाऱ्यांसह वेरूळची बौद्ध लेणी पाहण्यासाठी निघाले होते. नाशिकहून बसने प्रवास होता. अडचणी येऊ नयेत म्हणून त्यांनी प्रवासाचा गाजावाजा केला नव्हता, आणि जेथे थांबावयाचे होते तेथील आपल्याच माणसांना तेवढी पूर्वसूचना दिली होती. एक प्रकारे तीच त्यांची ‘ग्रीन बुक’. दौलताबादला बांधव वाट पाहत उभे होते. आधी चहा घ्या, असा त्यांचा आग्रह होता. पण अंधार पडण्यापूर्वी किल्ला पाहावा म्हणून मंडळी तशीच पुढे गेली. रमजानचा महिना होता. दाराबाहेर काठोकाठ भरलेला छोटा हौद होता. अंगावर धूळ बसलेली, म्हणून काहींनी त्या पाण्याने हात-पाय-तोंड धुतले. इतक्यात मागून एक वृद्ध मुसलमान गृहस्थ ओरडत आले की यांनी हौद बाटविला. जमाव जमला, शिवीगाळ सुरू झाली, दंगल होण्याची वेळ आली. तेव्हा बाबासाहेबांनी विचारले की तुमचा धर्म हेच शिकवितो काय? अस्पृश्य माणूस उद्या मुसलमान झाला तर त्याला तुम्ही या पाण्यापासून अडवाल काय? जमावाजवळ उत्तर नव्हते. अखेर किल्ला पाहण्याची परवानगी मिळाली. मात्र मंडळींनी आत कोठेही पाण्याला शिवू नये म्हणून सोबत एक हत्यारी शिपाई देण्यात आला.

ही घटना महाडच्या चवदार तळ्याच्या सत्याग्रहानंतर सात वर्षांनी घडलेली आहे, हे मुलांच्या लक्षात आणून द्यावे. २० मार्च १९२७ रोजी ज्यांनी ओंजळीने पाणी पिऊन हक्क बजावला, त्यांनाच १९३४ साली किल्ल्याच्या दारात तोंड धुण्याची मोकळीक नव्हती. मग वहीत संविधानाच्या अनुच्छेद १५ चा दुसरा खंड उतरवून घ्यावा. दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे, हॉटेले, करमणुकीची स्थाने. विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते. परीक्षेसाठी आपण ही यादी पाठ करतो. दौलताबादच्या दारात ती पुन्हा वाचली की ध्यानात येते, ही तर वाटसरूच्या गरजांची यादी आहे. मसूरपासून दौलताबादपर्यंत जे जे नाकारले गेले, ते ते त्या खंडात नाव घेऊन लिहिलेले आहे.

वेरूळला जाताना खुलताबाद येथे मलिक अंबरची कबर पाहता येईल. आफ्रिकेतून गुलाम म्हणून विकला गेलेला हा पुरुष निजामशाहीचा कर्ता वजीर झाला, आणि औरंगाबादच्या नहरीच्या पाण्याचे श्रेय त्याच्याकडे जाते. वेरूळमधील चौतीस लेण्यांपैकी पहिली बारा बौद्ध आहेत. बहुतेक सहली कैलास लेण्यापाशी उतरतात आणि तेथेच दमतात. म्हणून उलट क्रमाने, म्हणजे पहिल्या क्रमांकापासून, सुरुवात करावी. पाचव्या लेण्यात दगडात कोरलेल्या दोन लांबलचक बैठ्या पट्ट्या आहेत. त्या कशासाठी असाव्यात, याचा तर्क मुलांना आधी करू द्यावा आणि मग वाटाड्याला विचारावे. दहावे लेणे हे चैत्यगृह असून त्याचे छत लाकडी वाशांसारखे कोरलेले आहे, त्यामुळे लोक त्याला सुताराची झोपडी म्हणतात. बारावे तीन मजली आहे. त्याच्या वरच्या मजल्यावरील बुद्धमूर्तींच्या रांगेसमोर आजीला थोडा वेळ बसू द्यावे. जाताना वार मात्र पाहून निघावे. वेरूळ मंगळवारी बंद असते आणि अजिंठा सोमवारी.